हजार वर्षे टिकलेले पूर्व रोमन साम्राज्य : तगले कशामुळे आणि संपले नेमके कधी?

प्रश्न : शोधयात्री

गेले काही महिने मी पूर्व रोमन साम्राज्याचा, म्हणजे आपण ज्याला सर्रास बायझंटाइन साम्राज्य म्हणतो त्याचा, इतिहास वाचतो आहे आणि जितके वाचावे तितकी एकच गोष्ट अधिक खटकू लागली आहे. कॉन्स्टंटाइनने बॉस्पोरसच्या काठावरच्या आपल्या नव्या राजधानीचे उद्घाटन ११ मे ३३० रोजी केले आणि ती राजधानी २९ मे १४५३ रोजी ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमतने जिंकली. हा काळ ११२३ वर्षांचा होतो. याच साम्राज्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग मात्र ४७६ साली, ओडोएसरने पोरसवदा रोम्युलस ऑगस्टुलसला पदच्युत केले तेव्हा, नावापुरताही उरला नाही. दोन्हीकडे कायदे तेच, करपद्धत तीच, धर्म तोच, आणि तरीही एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जवळपास हजार वर्षे अधिक जगला.

सर्वसाधारण इतिहासात या हजार वर्षांविषयी राजवाड्यातली कारस्थाने, डोळे काढलेले राजपुत्र आणि धर्मशास्त्रातला काथ्याकूट एवढेच सांगितलेले असते, आणि तो सगळा वृत्तान्त 'ऱ्हास' या एका शब्दाखाली बसवलेला असतो. हजार वर्षे ऱ्हासच चालू असलेले राज्य ही कल्पनाच मला चमत्कारिक वाटते. कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे त्या राजधानीचा, तट आणि 'ग्रीक अग्नी' हे शत्रूची जहाजे जाळणारे द्रव अस्त्र ही दोन कारणे जिकडेतिकडे दिलेली दिसतात. परंतु तट शहर वाचवतो, गेलेले प्रांत परत मिळवून देत नाही, आणि या राज्याने तर गेलेले प्रांत एकदा नव्हे, अनेकदा परत मिळवले. तेव्हा हे राज्य कशाच्या बळावर तगले, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की १२०४ साली धर्मयोद्ध्यांनी राजधानी लुटली तेव्हाच ते खऱ्या अर्थाने संपले, असे मानावे काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : तटबंदी

प्रथम नावाविषयी थोडेसे, कारण तिथूनच गैरसमज सुरू होतो. 'बायझंटाइन' हे नाव त्या लोकांनी स्वतःसाठी कधी वापरले नाही. राज्य बुडून शंभर वर्षे उलटल्यावर, सोळाव्या शतकात, एका जर्मन पंडिताने त्याला चलन दिले. ते लोक स्वतःला शेवटपर्यंत 'रोमाइओइ', म्हणजे रोमनच म्हणवत होते, आणि त्यांचे शेजारीही त्यांना तसेच ओळखत होते. अरबी आणि फारसीतला 'रूम' तो हाच. जलालुद्दीन 'रूमी' म्हणवला गेला, कारण तो ज्या कोन्यात राहिला तो मुलूख पूर्वी या रोमनांचा होता, आणि आपल्या जुन्या मराठीतल्या 'रूमशाम' या जोडशब्दातला 'रूम'ही याच वाटेने आला आहे. नाव बदलले की जुने राज्य मेले आणि नवे, काहीसे दुय्यम राज्य जन्मले असा भास होतो. तो भास बाजूला ठेवला, तर हे राज्य 'ऱ्हासात जन्मले' असे म्हणायचे धाडस कोणी करणार नाही.

आता तटाकडे येतो. तट तुम्ही थोडक्यात निकालात काढलात, पण त्याची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात, ४१३ च्या सुमारास, आतला मोठा तट उभा राहिला. तो सुमारे १२ मीटर उंच होता आणि त्याला ९६ बुरूज होते. ४४७ साली भूकंप झाला आणि ५७ बुरूज ढासळले, आणि नेमका त्याच वेळी हूणांचा अटिला बाल्कन प्रदेशात उतरला होता. नगरप्रमुखाने रथशर्यतींतल्या निळ्या आणि हिरव्या गटांना, म्हणजे एरवी एकमेकांची डोकी फोडणाऱ्या मंडळींना, तटाचे भाग वाटून दिले आणि ६० दिवसांत तट पुन्हा उभा केला. नुसता उभा केला नाही, तर पुढे बाहेरचा दुसरा तट आणि खंदक अशी तिहेरी रचना झाली. अटिला शहरापर्यंत आलाच नाही.

मात्र याच हकिकतीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. तट वाचला तरी अटिलाला वर्षाला २१०० पौंड सोने देण्याचे कबूल करावे लागले. ही मानहानी होती यात शंका नाही, पण ती परवडत होती, आणि माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या 'परवडत होती' मध्ये आहे. ४६८ साली उत्तर आफ्रिकेतल्या व्हँडलांविरुद्ध काढलेली आरमारी मोहीम साफ बुडाली आणि तिच्यात एक लाख पौंडांच्या घरात सोने गेले. तिजोरीचा तळ दिसू लागला. त्यानंतर पन्नास वर्षांत, ५१८ साली, अनास्तासियस हा काटकसरी सम्राट वारला तेव्हा तिजोरीत ३,२०,००० पौंड सोने शिल्लक होते, आणि तेही कारागीर-व्यापाऱ्यांवरचा एक जाचक कर त्याने मध्यंतरी रद्द केलेला असताना. पश्चिमेकडे असे झाले नाही. तिथे एक प्रांत गेला की त्याचा महसूल गेला, महसूल गेला की फौज गेली, आणि फौज गेली की पुढचा प्रांत गेला. पूर्वेकडे इजिप्त, सीरिया आणि आशिया मायनर (आजचे आशियाई तुर्कस्तान) हे श्रीमंत प्रांत हूण-गॉथांच्या वाटेवर नव्हते. वाटेत हा तट आणि पाणी होते. तटाने शहराइतकेच, किंबहुना अधिक, त्या पलीकडच्या शेतसाऱ्याचे रक्षण केले.

प्रतिसाद २ : टाकसाळ

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण सोन्याचा विषय निघालाच आहे तर नाण्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. हे माझे जुने वेड आहे, तेव्हा लांबण लागल्यास क्षमस्व.

कॉन्स्टंटाइनने जे सोन्याचे नाणे पाडायला सुरुवात केली त्याला लॅटिनमध्ये 'सॉलिडस' आणि पुढे ग्रीकमध्ये 'नोमिस्मा' म्हणत. एका रोमन पौंडाची बरोबर ७२ नाणी, प्रत्येकाचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम, आणि सोने जवळजवळ शुद्ध. एका नाण्याचे २४ 'केरातिया' होत. आज सराफ ज्याला २४ कॅरेट म्हणतो त्याचे मूळ इथे आहे. थोडे हलके नाणे अधूनमधून निघाले, नाही असे नाही, पण ढोबळमानाने चौथ्या शतकाच्या सुरुवातीपासून अकराव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशापर्यंत, म्हणजे सातशेहून अधिक वर्षे, या नाण्याचा कस उतरला नाही. दरम्यान राजघराणी बदलली, निम्मे साम्राज्य गेले, मूर्तिपूजेवरून शंभर वर्षे भांडणे झाली, परंतु टाकसाळीने खोट मिसळली नाही. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास याने लिहून ठेवले आहे की सिंहलद्वीपच्या राजापुढे एका रोमन आणि एका इराणी व्यापाऱ्यात कोणाचा राजा मोठा असा वाद झाला, तेव्हा रोमनाने दोन्ही नाणी पुढे ठेवून राजालाच पारख करायला सांगितले. एका बाजूला चांदीचा द्रम्म होता आणि दुसऱ्या बाजूला झळाळते सोने. गोष्ट रचलेली असू शकते, पण ती रचावीशी वाटली हेच पुरेसे बोलके आहे.

हे केवळ प्रतिष्ठेचे प्रकरण नव्हते. शेतकऱ्याने सारा सोन्यात भरायचा, सरकारने सैनिकाला आणि कारकुनाला पगार सोन्यात द्यायचा, सैनिकाने ते बाजारात खर्चायचे आणि ते पुन्हा साऱ्याच्या रूपाने तिजोरीत यायचे, असे हे रहाट होते. पश्चिम युरोपातला राजा सरदाराला जमीन देऊन फौज उभी करी, आणि जमीन दिली की ती परत येत नसे. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट पगार देत असे, आणि पगार थांबवता येतो, हा फरक फार मोठा आहे. सेनापती बंड करीत, राजधानीवर चालूनही येत, पण ते राज्य फोडून आपला वेगळा सुभा मांडण्यासाठी नव्हे, तर त्या एकाच तिजोरीवर बसण्यासाठी. तुम्ही ज्या कारस्थानांचा उल्लेख केलात त्यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. सिंहासनासाठी मारामारी होती, कारण सिंहासन मारामारी करण्याच्या लायकीचे होते.

दहाव्या शतकाच्या आरंभी राजधानीतल्या व्यावसायिक श्रेणींसाठी केलेला एक नियमसंग्रह उपलब्ध आहे. त्यात सराफाने नाणे कानशीने घासले किंवा कातरले तर हात तोडण्याची शिक्षा सांगितली आहे. त्याच संग्रहात, गव्हाचा भाव बदलला की पाववाल्यांनी नगराधिकाऱ्याकडे जाऊन पावाचे वजन ठरवून घ्यावे, आणि भट्टी कधी बंद पडू नये म्हणून त्यांना किंवा त्यांच्या जनावरांना कोणीही वेठीला धरू नये, असाही नियम आहे. हे 'ऱ्हासातले' राज्य आपल्या राजधानीतल्या पावाच्या वजनावर लक्ष ठेवून होते!

प्रतिसाद ३ : अनातोलिया

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण ते वाचून हे राज्य एखाद्या सुस्थित पेढीसारखे अखंड चालत राहिले असे वाटेल, आणि ते खरे नाही. सातव्या शतकात ते जवळजवळ मेले होते. श्रीमंत प्रांत सुरक्षित होते म्हणून राज्य टिकले हे स्पष्टीकरण पाचव्या शतकापुरते बरोबर आहे. मग ते श्रीमंत प्रांतच गेल्यावर ते कसे टिकले, हा खरा अवघड प्रश्न आहे आणि त्याला वर कोणी हात घातलेला नाही.

जस्टिनियनने (५२७ ते ५६५) अनास्तासियसची शिल्लक इटली आणि आफ्रिका परत जिंकण्यात आणि बांधकामांत संपवली. ५४१ पासून प्लेगने माणसे नेली. ६०२ साली इराणशी सुरू झालेले युद्ध २६ वर्षे चालले आणि त्यात सीरिया, जेरुसलेम, इजिप्त असे एकेक करून गेले. हेराक्लियसने ६१५ मध्ये सरकारी पगार निम्म्यावर आणले आणि ते चांदीच्या नव्या नाण्यात द्यायला सुरुवात केली. त्या नाण्यावर 'देवा, रोमनांना साहाय्य कर' असे कोरलेले होते. नाण्यावर असा धावा कोरायची वेळ राज्यावर क्वचितच येते. ६१८ मध्ये राजधानीतले फुकट पाववाटप बंद झाले. पुढे चर्चमधली सोन्याचांदीची भांडी वितळवून त्याने फौज उभी केली, इराणच्या काळजात घुसून ६२७ साली निनेव्हेजवळ विजय मिळवला, प्रांत परत घेतले, आणि आठ-नऊ वर्षांत तेच प्रांत यार्मुकच्या लढाईनंतर (६३६) अरबांकडे कायमचे गेले. एका माणसाच्या आयुष्यात एवढी उलथापालथ झालेली इतिहासात विरळाच.

राजधानी किती आटली याचा एक पुरावा मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक पटतो. शहराला पाणी पुरवणारा व्हालेन्सचा कालवा ६२६ च्या वेढ्यात आवार लोकांनी तोडला. तो दुरुस्त झाला ७६६ साली, दुष्काळ पडला म्हणून. मधली १४० वर्षे शहराचे त्या पाण्यावाचून अडले नाही, कारण पिणारी तोंडेच उरली नव्हती. जिथे जस्टिनियनच्या काळात चार-पाच लाख लोकवस्ती होती असे अंदाज आहेत, तिथे आता विहिरी आणि टाक्या पुरत होत्या.

असे असूनही राज्य टिकले, ते मोठेपणाचा आव सोडून लहान व्हायला तयार झाले म्हणून, असे माझे मत आहे. सीरिया आणि आर्मेनियाकडून माघारी आलेल्या फौजा आशिया मायनरमध्ये ठाण मांडून बसल्या आणि त्यांच्या नावांवरून पुढे सुभे पडले. पूर्वेच्या फौजेचा 'अनातोलिकॉन', आर्मेनियाच्या फौजेचा 'आर्मेनियाकॉन', थ्रेसहून आलेल्यांचा 'थ्राकेसिऑन'. या सैनिकांना जमिनी नेमक्या केव्हा आणि कशा मिळाल्या यावर अभ्यासकांत वाद आहे, पण दहाव्या शतकापर्यंत जमीन आणि लष्करी चाकरी यांची सांगड पडलेली स्पष्ट दिसते. युद्धाची रीतही बदलली. दरवर्षी येणाऱ्या अरब स्वाऱ्यांशी समोरासमोर भिडायचे नाही, माणसे आणि गुरे किल्ल्यांत न्यायची, स्वार लूट घेऊन जड पावलांनी परतू लागले की घाटात गाठायचे. यात वीरश्री नाही, म्हणून त्यावर कोणी महाकाव्ये रचत नाही, पण अशी दोनशे वर्षे काढता आली.

ग्रीक अग्नीबद्दल एवढेच सांगतो, की सीरियातून पळून आलेल्या कल्लिनिकॉसने ते अस्त्र ६७२ च्या सुमारास आणले आणि त्याने अरब आरमार जाळले हे खरे. मात्र ७१७-१८ च्या मोठ्या वेढ्यात कडाक्याचा हिवाळा, वेढा घालणाऱ्यांची उपासमार आणि बल्गारांनी पिछाडीवर घातलेले घाव यांचाही तितकाच वाटा होता. द्रवापेक्षा तो वेळेवर, योग्य जहाजावर, प्रशिक्षित माणसांच्या हाती पोहोचवणारी यंत्रणा अधिक महत्त्वाची होती, आणि तिच्यासाठी पुन्हा तीच तिजोरी लागते. तेव्हा 'टाकसाळ' यांच्याशी माझे फार भांडण नाही.

शोधयात्री (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. पाण्याच्या कालव्याची गोष्ट मी कुठेच वाचली नव्हती. आता एक उपप्रश्न विचारतो. अकराव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशापर्यंत नाण्याचा कस टिकला, असे वर आले आहे. म्हणजे नाणे हिणकस झाले ते १०७१ च्या मन्झिकर्टच्या पराभवाच्या आधी. त्या लढाईत फौज कापली गेली आणि आशिया मायनर तुर्कांच्या घशात गेले, असेच आजवर वाचत आलो. मग आधी नाणे बिघडले की आधी फौज?

प्रतिसाद ४ : टाकसाळ

प्रश्न नेमका विचारलात. मन्झिकर्टला फौज कापली गेली हा समज आता बराच मागे पडला आहे. २६ ऑगस्ट १०७१ रोजी सम्राट चौथा रोमानॉस सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानच्या हाती जिवंत सापडला, पण त्याच्या सैन्याचा मोठा भाग लढलाच नाही, कारण पिछाडीचा सेनापती, जो विरोधी घराण्यातला होता, तो ऐन वेळी आपली तुकडी घेऊन निघून गेला. सुलतानाने खंडणी ठरवून सम्राटाला थोड्याच दिवसांत सन्मानाने सोडले. त्याचे डोळे काढले ते स्वकीयांनी, पुढच्या वर्षी, अभय दिल्यानंतर. पुढची दहा वर्षे यादवी चालली आणि प्रत्येक दावेदाराने तुर्की टोळ्या भाड्याने घेऊन त्यांना शहरांत आणून बसवले. निकाइयासारखे शहर तुर्कांनी वेढा घालून जिंकले नाही. एका दावेदाराने आपला तळ म्हणून तिथे ठेवलेले तुर्की शिबंदीचे लोक, दावा फसल्यावर, तिथून हललेच नाहीत.

आता नाणे. याची सुरुवात जवळपास दीडशे वर्षे मागे जाऊन करावी लागते. ९२७-२८ च्या हिवाळ्यात १२० दिवस जमीन गोठलेली राहिली. उपाशी शेतकऱ्यांनी मिळेल त्या किमतीला, कधी नुसत्या धान्याच्या मोबदल्यात, जमिनी विकल्या आणि त्या विकत घेतल्या बड्यांनी. त्यांच्यासाठी कायद्यातच 'दिनातोइ', म्हणजे बलवंत, असा शब्द आहे. शंभर वर्षे एकामागून एक सम्राट हे खरेदीखत उलटवण्याचे कायदे करीत राहिले. त्यात सर्वांत कठोर होता दुसरा बासिल (९७६ ते १०२५). फिलोकालेस नावाचा एक साधा शेतकरी दरबारी पदे मिळवत गेला आणि त्याने आपले अख्खे गाव गिळंकृत केले. बासिल त्या बाजूने जात असता गरिबांनी गाऱ्हाणे घातले, तेव्हा त्याने फिलोकालेसचे वाडे जमीनदोस्त करवले, जमिनी गावाला परत दिल्या आणि त्याला पुन्हा मूळच्या शेतकऱ्याच्या दर्जावर आणून सोडले. हे कोणा भाटाने लिहिलेले नाही, ९९६ च्या कायद्यातच त्याचा उल्लेख आहे. गरीब शेजाऱ्याचा थकलेला सारा बलवंतांनी भरावा, असाही हुकूम त्याने काढला. तो वारला तेव्हा तिजोरीत दोन लाख पौंड सोने असल्याचे इतिहासकार प्सेलॉस सांगतो. ७२ ने गुणले तर १ कोटी ४४ लाख नाणी होतात.

त्याच्या मागे आलेल्यांनी तो हुकूम तीन-चार वर्षांतच मागे घेतला. बलवंतांची सरशी झाली, सारा घटला, आणि राजधानीतल्या लोकांना पदव्या आणि पदव्यांबरोबरचे सालाना वेतन वाटण्याची चढाओढ लागली. नवव्या कॉन्स्टंटाइनने (१०४२ ते १०५५) २४ कॅरेटचे नाणे १८ कॅरेटपर्यंत उतरवले. त्यानेच पूर्व सीमेवरच्या आयबेरिया प्रांताच्या (हा स्पेनकडचा नव्हे, आर्मेनिया-जॉर्जियाकडचा) फौजेची चाकरी रद्द करून तिच्या बदल्यात कर घ्यायला सुरुवात केली, म्हणजे जिकडून तुर्क येणार होते तिकडचाच दरवाजा पैशासाठी उघडा टाकला. सातव्या मिखाईलच्या काळात (१०७१ ते १०७८) धान्य इतके महागले की एका नाण्याला माप पाव भागाने कमी मिळू लागले, आणि लोकांनी सम्राटाचे नाव ठेवले 'पारापिनाकेस', म्हणजे 'पावकम'. १०९२ पूर्वीच्या काही नाण्यांत सोने केवळ औषधापुरते सापडते. तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर : आधी जमिनीचा हिशेब बिघडला, मग नाणे, आणि शेवटी फौज.

ॲलेक्सियस कोम्नेनॉसने १०९२ मध्ये साडेवीस कॅरेटचे नवे नाणे काढून गाडी पुन्हा रुळावर आणली आणि त्याने व त्याच्या मुलाने, नातवाने आणखी शंभर वर्षे चालवली, हेही विसरता कामा नये. मात्र नॉर्मनांविरुद्ध आरमार हवे म्हणून त्याने १०८२ च्या सनदेने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात पूर्ण माफ केली. इतरांना ती दहा टक्के होती. जे आरमार आपण बांधायचे ते भाड्याने घेतले, आणि भाडे म्हणून बंदराचे उत्पन्न दिले.

प्रतिसाद ५ : तटबंदी

१२०४ की १४५३ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वरच्या शेवटच्या वाक्यातच दडलेले आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वतःचे आरमार जवळपास उरले नव्हते. त्या काळचा इतिहासकार निकेतास खोनियातेस लिहितो की आरमारप्रमुख मिखाईल स्ट्रिफ्नॉसने जहाजांचे नांगर, दोर आणि शिडे विकून पैसे केले. शत्रू दारात आला तेव्हा कशीबशी वीस किडकी जहाजे तरंगत होती. चौथ्या धर्मयुद्धाच्या पुढाऱ्यांनी ३३,५०० माणसांच्या वाहतुकीसाठी व्हेनिसशी ८५,००० मार्क चांदीचा करार केला होता, पण जेमतेम तिसरा हिस्सा माणसे आली आणि ३४,००० मार्क थकले. त्याच वेळी कॉन्स्टँटिनोपलहून परागंदा झालेला एक राजपुत्र त्यांच्याकडे आला आणि बापाची गादी परत मिळवून दिल्यास दोन लाख मार्क देण्याचे वचन देऊन बसला. रिकाम्या तिजोरीवर काढलेली ही हुंडी अर्थातच वटली नाही. एप्रिल १२०४ मध्ये शहर पडले, आणि लक्षात घ्या, ते पडले ते समुद्राकडच्या तटावरून. जमिनीकडचा तट तेव्हाही कोणी भेदला नव्हता. लिसिपॉसने घडवलेला हर्क्युलिसचा प्राचीन ब्राँझ पुतळा वितळवून त्याची चिल्लर पाडली गेली.

तरीही '१२०४ मध्ये संपले' हे मला मान्य नाही. राजधानी नसतानाही निकाइयात राज्य ५७ वर्षे चालले आणि ते चांगले चालले. तिथला सम्राट तिसरा जॉन वाताझेस इतका व्यवहारी होता की सरकारी कोंबड्यांच्या अंड्यांच्या विक्रीतून त्याने सम्राज्ञीसाठी रत्नजडित मुकुट केला आणि त्याला 'अंड्यांचा मुकुट' असेच नाव पडले. परदेशी रेशमाऐवजी आपल्या मातीत पिकलेले आणि आपल्या हातांनी विणलेले वापरावे, असा त्याचा हुकूम होता. अशा राज्याला मेलेले कसे म्हणावे?

खरा घात २५ जुलै १२६१ रोजी राजधानी परत मिळाल्यावर झाला, असे माझे मत आहे. ते अनेकांना पटणार नाही. आठव्या मिखाईलने उजाड झालेले प्रचंड शहर सावरण्यासाठी आणि पश्चिमेकडच्या शत्रूंना थोपवण्यासाठी निकाइयाच्या मुलखाचा पैसा उपसला, आणि पन्नास वर्षे नीट राखलेली पूर्वेकडची सीमा दुर्लक्षित झाली. त्याच्या मुलाने खर्च वाचवण्यासाठी १२८५ मध्ये आरमार मोडीत काढले. पुढे दोन यादवी युद्धे झाली. १३४३ मध्ये राजमाता ॲन हिने राजमुकुटाची रत्ने व्हेनिसकडे ३०,००० डुकाटांना गहाण टाकली. ती कधीच सोडवता आली नाहीत. १३४७ च्या राज्याभिषेकात मुकुटावर काचेचे खडे होते आणि मेजवानीला सोन्याचांदीच्या ताटांऐवजी कथिलाची आणि मातीची भांडी होती. त्याच सुमारास खाडीपलीकडच्या गलाता वसाहतीत जिनोआवाले वर्षाला २,००,००० नाणी जकात गोळा करीत होते, आणि अलीकडे सम्राटाच्या जकातघरात जेमतेम ३०,००० जमा होत होती. त्यानंतर काही वर्षांतच सोन्याचे नाणे पाडणे कायमचे थांबले.

प्रतिसाद ६ : अनातोलिया

काचेच्या खड्यांपासून १४५३ पर्यंत अजून शंभर वर्षे आहेत, तेव्हा एक पुरवणी जोडतो. १४०२ मध्ये अंकाराजवळ तैमूरने ऑटोमनांचा पराभव केला नसता तर ही शंभर वर्षे पन्नासवरच आटोपली असती.

शेवटच्या वेढ्यापूर्वी अकराव्या कॉन्स्टंटाइनने शस्त्र धरू शकणाऱ्या माणसांची मोजणी करवली. नागरिक भरले ४,७७३ आणि परदेशी सुमारे २००. हा आकडा ऐकून सम्राटाने तो गुप्त ठेवायला सांगितले, असे मोजणी करणारा त्याचा सचिव स्फ्रांझेस लिहितो. जिनोआ आणि व्हेनिसचे लोक धरूनही सारी मिळून सात हजारांच्या आसपास माणसे त्याच तिहेरी तटावर उभी राहिली, जो पुरता राखायला त्याच्या कितीतरी पट माणसे हवी होती. त्यांचा पगार भागवण्यासाठी चर्चमधली चांदी पुन्हा एकदा वितळवली गेली. त्या वेढ्यात पाडलेली चांदीची बारीक नाणी एका साठ्यातून आज हाती आली आहेत. नखाएवढा तुकडा, एका बाजूला ख्रिस्ताचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ओळखू न येण्याइतकी ओबडधोबड सम्राटाची आकृती. हेराक्लियसच्या चांदीवर निदान 'रोमनांना साहाय्य कर' एवढे कोरायला जागा होती.